गायरानातली साखळी

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून फुटून वायला झाला, त्याच साली मी बी घरातून फुटून वायला झालो. जिल्ह्यापाई फटाके वाजले. मपल्यापाई कुत्रं तेवढं भुंकलं.

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. अंगात धोतर-सदरा, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. पोरानं, म्हणजे उत्तमनं, अमेरिकेतून चाकाची बॅग धाडली होती, ती मी डोक्यावर घेतली होती. सोडायला लिंबाजी आलता. लिंबाजी म्हणजे मपला लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी उभी हयात मेंढरं राखली, दोघांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, एकाच रानात बसले. तो मला म्हणला, "लेका, तिला चाकं दिली अन् तू तिला डोक्यावर घेऊन काहून उभा हायेस?"

मी म्हणलं, "मपल्या डोक्याला काय धाड भरली का?"

त्याची बायको कौसाबाई. तिनं भाकरी अन् ठेचा बांधून दिला, अन् कागदात भंडारा. खंडोबाची हळद. म्हणली, "कपाळाला लावत जा भावजी. तिकडं देव असतो का न्हाई, कोण जाणे." गाडी हलली तसा लिंबाजी खिडकीसंगं चार पावलं पळला. "विमानातून खाली पाहू नको लेका, मेंढरं दिसली तर मधीच उतरशील."

ते त्याचं शेवटचं बोलणं कानात घेऊन मी गेलो. घरची वारली, त्याच्यावर दोन पावसाळे झाले होते. मेंढरं लिंबाजीच्या वाड्यात सोडली होती. उत्तम म्हणायचा, "आबा, एकट्यानं कशाला मरता तिकडं?" मी जायचं न्हाई म्हून वरीसभर तोंड फुगवलं होतं. पर उलथन्यानं भाकर परतायची अन् एकट्यानं खायची, याला माणूस थकतो. हट्ट थकत न्हाई, माणूस थकतो.

चौथीपर्यंत शाळा झाली मपली, तीबी मेंढरं बसली त्या त्या गावात. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हून सुनबाईनं वही दिली, म्हून लिहून राहिलो. शुद्ध लिहायला बसलो तर हात अडतो. आपल्या बोलीत लिहितो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. गावातल्यांसाठी बी आहे अन् माझ्यासारखे जे इकडं येऊन बसलेत त्यांच्यासाठी बी.

इकडं घर मोठं. दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखं होतं, आतलं बाहेर न्हाई, बाहेरचं आत न्हाई. पोरगा अन् सून सकाळी आपापल्या गाडीत बसून जायचे ते दिवस बुडताना यायचे. मायक्रोवेव्हमधी जेवण गरम करायला शिकवलं होतं. त्या जेवणाला धुराचा वास नसायचा म्हून मला ते जात नव्हतं. टीव्ही मला कळायचा न्हाई. फोनचं कार्ड असायचं, खरवडून नंबर काढायचा, लांबच्या लांब आकडे दाबायचे, मंग बाळापूरच्या एसटीडीवर लिंबाजीला कोणी बोलावून आणस्तोवर अर्धं कार्ड संपायचं.

म्हून मी चालायला लागलो. मेंढरामागं चाललेला माणूस, मला बसवत न्हाई. घराच्या मागं एक पार्क होतं. पार्क म्हणजे बाग न्हाई, रानच म्हणा. गवत, झाडं, मधी वढा, अन् कोणाच्या मालकीचं न्हाई. आपल्या गायरानासारखं. पहिल्यांदा ते गवत पाहिलं तवा मी मूठभर उपटून वास घेतला. एवढं गवत, अन् त्याला तोंड लावायला एक मेंढरू न्हाई. मशीननं कापून टाकून देतात.

एका दिवशी चालता चालता गवतात एक थाळी सापडली. निळी, पलास्टिकची, काठ दाबलेले. मला वाटलं कोणी जेवून विसरून गेलं. चांगली वस्तू टाकून द्यावी वाटंना. घरी नेली, घासली, अन् दुपारी तिच्यात पोळी-भाजी घेऊन जेवलो. ताटाला कड बराबर होती, रस्सा सांडंना. चार-पाच दिवस मी त्याच्यातच जेवलो. मंग रविवारी सुनबाईनं पाहिलं. ती पोट धरून हसायला लागली. उत्तमला हाक मारली. उत्तमनं ताट पालथं केलं तर खाली कोणाचं तरी नाव अन् फोन नंबर लिहिलेला.

"आबा, ही डिस्क आहे. खेळायची. लोकं नाव घालतात, कोणाला सापडली तर परत द्यावी म्हून."

मी म्हणलं, "मंग घासून देऊ."

ज्याची थाळी होती त्याचं नाव डेल. ट्रक चालवून रिटायर झालेला म्हातारा, पांढरी दाढी, गुडघे गेलेले. उत्तमनं त्याला सगळं सांगितलं असंल, कारण तो मपल्याकडं बघून इतका हसला की पार्किंगमधली माणसं वळून पाहायला लागली. मंग त्यानं ती थाळी परत मपल्याच हातात दिली. नुसतं लांब बोट दाखवलं.

तिकडं एक लोखंडी खांब होता. खांबाच्या वरच्या टोकाला कडं, कड्यातून साखळ्या लोंबलेल्या, अन् खाली टोपली. खेळ एवढाच. लांबून थाळी फेकायची. जिथं पडंल तिथवर चालत जायचं. तिथून परत फेकायची. साखळीला लागून टोपलीत पडली की झालं, पुढच्या खांबाकडं चालायचं. कमीत कमी फेकीत ज्याचं संपलं तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात. मी मनाशी म्हणलं, ही तर आपलीच गत आहे. फेकायचं, चालायचं, परत फेकायचं, परत चालायचं. फकस्त पुढं मेंढरं न्हाईत.

मला वाटलं होतं गोफण चालवलेला हात आहे, आपल्याला जमलंच. कशाचं काय. गोफणीचा झटका वरून असतो, थाळीला तो चालत न्हाई. मपली थाळी मागंच जायची. एकदा तर मपल्याच फेट्याला लागली. उत्तमनं सांगितलं होतं की मी मेंढरं राखायचो, म्हून डेल मला 'शेफर्ड' म्हणायचा. थाळी झाडात गेली की वरडायचा. पुढं पुढं मला त्याचं कळायला लागलं. तो म्हणायचा, "शेफर्ड, तुझी मेंढरं तिकडं न्हाईत!" अन् मी मराठीत म्हणायचो, "तुपल्या गुडघ्याला तेल लाव आधी." त्याला बी कळायचं असंल. तो हसायचा.

एक अख्खा उन्हाळा गेला तवा कुठं मपली थाळी साखळीला लागली. खळ्ळ वाजलं. अन् मपल्या अंगावर काटा आला. तो आवाज मला माहीत होता. खंडोबाच्या जत्रेत देवापुढं वाघ्या लोखंडी साखळी झटका देऊन तोडतो, लंगर म्हणतात तिला. तिचा आवाज असाच. मी न कळत पुढं गेलो, साखळीला हात लावला अन् कपाळाला लावला. डेल पाहून राहिला. हातानंच विचारलं, हे काय? मी म्हणलं, "गुड." तेवढंच येत होतं.

त्या डेलची एक गोष्ट मला पटली. त्या पार्कात आधी हे खांब नव्हते. त्यानं अन् त्याच्या दोन-तीन सोबत्यांनी तो खेळ तिथं रुजवला. पार्कवाले न्हाई म्हणले होते. कुत्रं फिरवणाऱ्या बाया भांडायच्या, लेकराला थाळी लागंल म्हणायच्या. तर हा बाबा रोज सकाळी जाऊन तिथला कचरा उचलायचा, वाटंवरच्या फांद्या छाटायचा. दर शनिवारी उभा राहायचा अन् जो येईल जाईल त्याच्या हातात एक थाळी द्यायचा. पैसा न्हाई, भाषण न्हाई. उत्तमनं एकदा मला त्याचं बोलणं मराठीत करून सांगितलं, "हा म्हणतो, खेळ सांगून वाढत न्हाई आबा. हातात द्यायचा अन् गप उभं राहायचं."

मपला बाप म्हणायचा, "मेंढरू हाकून वळत न्हाई, संगं चालून वळतं." दोन टोकाचे दोन म्हातारे, एकाला दुसरा माहीत न्हाई.

अशी तीन-चार वर्षं गेली. खेळ होता म्हून गेली. तरी थंडी पडली की पार्क बर्फाखाली जायचं, डेल दिसायचा न्हाई, अन् मपल्या डोक्यात गाव फिरायचं. एका हिवाळ्यात मी उत्तमला म्हणलं, "मला गावाकडं जायचं. कायमचं."

तो म्हणला, "आबा, गाव आहे तिकडं. पर तुमच्यासंगं बसायला कोण आहे? लिंबाजीकाकानं मेंढरं विकली. मागचा फोन आठवा, काका म्हणले दिसभर खाटावर पडून असतो."

"मी बसवीन चार माणसं."

"मंग असं करू," उत्तम म्हणला. "एक हिवाळा राहून बघा. रोज दिवस बुडताना चार माणसं तुमच्यासंगं असली, तर मी तुम्हाला परत या म्हणणार न्हाई. न्हाई जमली तर मुकाट्यानं यायचं."

मला राग आला. पोरगं बापाला अट घालून राहिलं. मी म्हणलं, "चार काय, चाळीस जमवतो." अन् डेलकडून जुन्या थाळ्यांची पिशवी मागून घेतली. मनात बराबर होतं काय करायचं ते. मेंढरं गेली म्हून सोबत गेली. मेंढरं परत येणार न्हाईत, तर चालायला दुसरं काहीतरी पाहिजे. हा खेळ गायरानात रुजला तर मी मपल्या मातीत मरीन. न्हाई रुजला तर त्या डब्यात.

गाव बदललं होतं. डोंगरकड्याच्या बाजूला केळी, इकडं हळद, ऊस. जिथं मेंढरं बसायची तिथं बोअर. गायरान आकसून अंगणाएवढं न्हाई म्हणता येत, पर दोन हाकेचं राहिलं होतं. लिंबाजीची पोरं वसमतला टेम्पोवर. त्याच्या दारात दोन शेळ्या. मला पाहून तो खाटावरून उठला अन् पहिलं काय म्हणला? "लेका, मेला न्हाईस का अजून?"

इतकं बरं वाटलं म्हून सांगू.

बाळापूरच्या लोहाराकडं गेलो. त्याला काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. पाइप, त्याच्या वर सायकलची जुनी रिंग, रिंगीला बैल बांधायच्या साखळ्यांचे तुकडे, खाली घमेलं. लोहार म्हणला, "बाबा, हे कशाचं यंत्र?" मी म्हणलं, "म्हातारपणाचं." त्यानं रविवारी करून दिलं. मी अन् लिंबाजीनं बैलगाडीत घालून आणलं अन् गायरानाच्या उंचवट्यावर, जिथं पूर्वी आमचा वाडा बसायचा, तिथंच रोवलं.

आता कोणतीबी नवी गोष्ट जमिनीत रोवायची तर आपण काय करतो? खांब असो, मेढ असो, बोअरचा पाइप असो, नारळ फोडतो. मी बी फोडला. कौसाबाईनं हळद आणली होती, ती बोटानं खांबाला लावली. यात मला काही वावगं वाटलं न्हाई. तुमाला बी वाटलं नसतं.

पहिले आठ-पंधरा दिवस काय मजेचे गेले! मी डेलसारखंच केलं. कोणाला बोलावलं न्हाई. दिवस कलला की जायचो अन् फेकत बसायचो. लिंबाजी आला, मंग शेजारचा एक मास्तर रिटायर झालेला, मंग दोघं-तिघं हळद काढून परत जाणारे. ज्याच्या त्याच्या हातात थाळी द्यायची अन् गप उभं राहायचं. टिंगल लई झाली. एक जण म्हणला, "आबा, ताटं फेकायला अमेरिकेला जायला लागतं का? मपली बायको घरीच फेकते." कौसाबाई डोक्यावर पदर घेऊन, एका हातानं सूप फिरवल्यागत थाळी सोडायची अन् लिंबाजीच्या पुढं जायची. लिंबाजी चिडायचा, "वारं होतं!" ती म्हणायची, "वारं तर तुमच्या बी बाजूनं होतं की." मी उत्तमला फोनवर सांगितलं, "सहा झाली." तो म्हणला, "आबा, भारी!"

मंग लिंबाजीची शेळी हरवली. गाभण शेळी. दोन दिवस हुडकली. तिसऱ्या दिवशी त्यानं कोणाला न सांगता त्या खांबापुढं उभं राहून हात जोडले. संध्याकाळी शेळी दोन करडं घेऊन वढ्यातून आपोआप आली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खांबाला भंडारा माखलेला, घमेल्यात खोबरं, साखळीला झेंडूची माळ. अन् लिंबाजी चप्पल लांब सोडून उभा.

मी म्हणलं, "हे काय रं?"

"काय म्हणजे? रविवारी, खंडोबाच्या वारी आला, नारळ तूच फोडला, भंडारा तूच लावला, लंगर लटकलेला. आता मला विचारतो हे काय."

"लिंबाजी, ती सायकलची रिंग हाय. तुपल्या डोळ्यासमोर लोहाराकडून आणली."

"मंग? घरातला खंडोबाचा टाक काय आभाळातून पडला? सोनारानंच केला नं?"

मी म्हणलं, "लेका, हा खेळ हाय. तिकडं गोरी माणसं हागंदारीतून आल्यासारखी चड्डीवर खेळतात."

तो हसला न्हाई. म्हणला, "तिकडं त्यांना माहीत न्हाई. इथं आपल्याला माहीत हाय. देवाला ताटं हाणून मारायची का?"

मी हातातली थाळी पिशवीत ठेवली. कारण पहिल्यांदा ती साखळी वाजली तवा कपाळाला हात मीच लावला होता. गावाला आठवलं त्याच्यात गावाचं काय चुकलं?

तरी मी मानणारा न्हाई. चार दिवस एकटाच जाऊन फेकलं. बांधावर माणसं उभी राहून पाहायची. पाचव्या दिवशी थाळी बराबर साखळीला लागली, खळ्ळ वाजलं, अन् बांधावरच्या सगळ्यांनी हात जोडले. कौसाबाई बांधावरून उतरून आली. घमेल्यातून थाळी काढली, पदरानं पुसली, मपल्या हातात दिली.

"भावजी, आता नका. तुमाला माणसंच पाहिजे होती नं? बघा, किती येऊन राहिली."

ते खरं होतं. रोज दिवस बुडताना गायरानात माणसं यायला लागली होती. दिवा लागायचा. ज्या बाया एकमेकीच्या दारात जात नव्हत्या त्या तिथं बसून बोलायच्या. हळदीचा भाव, लेकीचं सासर, पोराची नोकरी. रविवारी तर पन्नास माणूस. डेलला जे करायला वर्षं लागली ते मपलं महिन्यात झालं, फकस्त खेळ तेवढा राहिला न्हाई.

थाळ्या कुठं गेल्या? एक दुधाच्या भगुन्यावर झाकण. एकीत कोंबड्या पाणी प्यायच्या. एक मास्तरच्या नातीच्या भातुकलीत. निळी लिंबाजीनं खांबापुढं ठेवली, भंडारा ठेवायला.

अन् लिंबाजी. एका संध्याकाळी मी गायरानात गेलो तर लोकांनी वाट सोडली. एका बाईनं लेकराला मपल्या पायावर घातलं. मी मागं सरलो. तवा लिंबाजी खाटावरून उठावा तसा उठला अन् म्हणला, "बसा बुवा. इथं बसा. तुमी देव आणला, तुमीच पूजा करा."

बुवा. बसा. तुमी.

मी त्याच्याकडं पाहिलं. वाटलं आता डोळा मारंल. उभ्या जन्मात या माणसानं मला 'लेका'बिगर हाक मारली न्हाई. मपल्या लग्नात, घरच्यांपुढं, बापाच्या मयतीला बी. मी म्हणलं, "लिंब्या, थट्टा करतो का?" तर तो म्हणला, "न्हाई जी. देवाच्या ठिकाणी थट्टा कशी?"

मी त्यांच्यात बसायचो नंतर. दहा-पंधरा दिवस बसलो. सगळे ऐकायचे, कोणी तोडायचं न्हाई. मी काही बोललो की मान हलवायचे. कोणी मपली टिंगल करंना. मी चुकीचं बोललो तर चुकीचंच बराबर धरायचे. चार माणसं पाहिजे होती, पन्नास जमली, अन् त्यांच्यात मी त्या डब्यातल्यापेक्षा एकटा.

उत्तमचा फोन आला. "आबा, जमली माणसं?"

"जमली. लई जमली."

"मंग राहता ना? मी काही म्हणणार न्हाई."

मी म्हणलं, "न्हाई रं. तिकीट काढ."

त्यानं काहून म्हून विचारलं न्हाई. चांगलं पोरगं आहे.

या वेळी स्टँडवर सोडायला सगळं गाव आलतं. हार घातले. लिंबाजीनं बॅगची चाकं धरून ती गाडीत चढवली, अन् मपल्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरला. तो म्हणला, "बुवा, परत या." कौसाबाई तेवढी लांब उभी राहून मपल्याकडं पाहत होती. तिला कळलं असंल. बायांना आधी कळतं.

आता त्याला बरीच वर्षं झाली. परत आलो तवा डेलनं मला पार्किंगमधी पाहिलं, फेट्यावर टपली मारली अन् थाळी हातात दिली. मपली पहिली फेक झाडात गेली. तो वरडला, "शेफर्ड, तुझी मेंढरं तिकडं न्हाईत!" अन् मी तिथं उभ्या उभ्या रडलो. त्याला वाटलं डोळ्यात काही गेलं.

गावाकडून आणलेला भंडारा मपल्या खिशात असतो. पहिल्या खांबाच्या बुडाला मी एक चिमूट टाकतो, साखळीला हात लावतो, कपाळाला लावतो, मंग फेकतो. आता डेल बी साखळीला हात लावतो. त्याचे सोबती बी. का लावतात त्यांना माहीत न्हाई, मी सांगितलं न्हाई. लावतात अन् मंग खुशाल थाळी हाणतात तिच्यावर. इथल्या देवाला त्याची तकलीफ दिसत न्हाई.

इथं उन्हाळ्यात आपल्याकडचे आई-बाप येतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर. कोणी साताऱ्याचं, कोणी अमरावतीचं. पार्कातल्या बाकावर बसतात, रस्त्याकडं पाहतात, पोरांची गाडी कधी येती म्हून. मी त्यांना ओळखतो, त्या बसण्यावरूनच. मी जातो, शेजारी बसतो, हातात एक थाळी देतो अन् गप राहतो. काही जण ती मांडीवर ठेवूनच निघून जातात. काही जण उठतात. गेल्या शनिवारी एक अकोल्याच्या आजी उठल्या, पहिलीच थाळी वढ्यात टाकली अन् म्हणल्या, "अगं बाई, आता?" मी म्हणलं, "आता चालत जायचं." असा वाढवून राहिलो मी खेळ. एकेकानं. मपल्या गावात एका महिन्यात वाढला होता, ते बरं न्हाई झालं.

तुमी वाचणाऱ्यांनी शनिवारी यावं. तुमच्या आई-बापाला आणावं. थाळ्या माझ्याकडं आहेत. नारळ आणू नये.

लिंबाजीला मी फोन करतो. आता त्याच्याकडं मोबाइल आहे, नातवानं दिलेला. गायरानात आता शेड टाकलंय म्हणे, चैत्रात भंडाराही होतो, जेवणावळ. मी विचारतो, "कोणी थाळी फेकतं का रं?" तो म्हणतो, "न्हाई जी बुवा, देवाला कोण फेकून मारंल?" अन् मंग दोघं काय बोलावं म्हून थांबतो. पाऊस कसा, शेळ्या कशा. बराबर आहेत जी. फोन ठेवतो.

मागच्या महिन्यात फोन केला तवा मी फार थकलेलो होतो. गुडघे आता मपले बी गेले. काही बोलायला नव्हतं म्हून मी सांगून बसलो, "लिंबाजी, काल मपली फेक लई वंगाळ गेली. जवळचा खांब. उलट्या बाजूला थाळी गेली अन् एका बाईच्या कुत्र्याला लागली. ते कुत्रं माझ्यामागं लागलं. पळता येईना, धोतर धरून झाडाला मिठी मारून उभा राहिलो. डेलनं येऊन सोडवलं."

तिकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मागून कौसाबाईचा आवाज, "काय झालं? काय म्हणले भावजी?" अन् तो खोकला न्हाई, हसू होतं. म्हातारा गुदमरून हसत होता. श्वास घेतला अन् म्हणला,

"लेका, तुला उभ्या जन्मात मेंढरू बराबर वळवता आलं न्हाई, ते कुत्रं काय वळणार रं?"

मी फोन कानाला दाबून धरला. मनात म्हणलं, बोलू दे त्याला अजून, थांबायला नको.